आमच्या पोथीची बातमी

आमच्या घरी देवांच्या फळीच्या वर आणखी एक फळी होती आणि तिच्यावर लाल कापडात बांधलेली पोथी असायची. पोथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अक्षरं येतात. आमच्या पोथीत एकही अक्षर नव्हतं, सगळी चित्रंच. जाड कागदावर रंगवलेली, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एकेक चित्र पाटाला टेकवून उभं करायचं आणि त्यातली गोष्ट गात गात सांगायची. आम्ही ठाकर. उत्सवाच्या दिवसांत देवळांतून पोथी सांगायची, बाहुल्या नाचवायच्या, हे आमच्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. कुठल्या घराने कुठल्या देवळात जायचं हेसुद्धा कुणी तरी कधी तरी ठरवून ठेवलेलं. आमच्या घरातून आजो जायचा. आजो म्हणजे माझ्या वडिलांचा बाप. किडकिडीत माणूस, पण आवाज असा की देवळाच्या सभामंडपात त्याने पहिली ओळ म्हटली की बाहेर चपला काढत असलेली माणसं तशीच थांबायची.

पोथीला आमच्या घरात माणसासारखं वागवलं जायचं, आणि तिचे नियमही माणसाच्या वरताण होते. बायकांनी तिला हात लावायचा नाही. जेवून उठल्यावर सोडायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, एकदा कापडाची गाठ सोडली की शेवटचं चित्र दाखवल्याशिवाय पुन्हा बांधायची नाही. अर्धी पोथी बांधली तर गोष्टीतली माणसं वाटेत अडकून राहतात, असं आजो सांगायचा. लहानपणी मला याची फार काळजी वाटायची. राणी रानात उभी आहे, पाऊस पडतो आहे आणि पुढचं चित्रच कुणी काढत नाही, असं मनात यायचं आणि पुढ्यातली पेज तशीच निवून जायची. आई म्हणायची, "गो चेडवा, जेव आधी. राणी काय उपाशी रवाची नाय." चेडू म्हणजे मुलगी. त्या घरात मी एकटीच चेडू होते, त्यामुळे ही हाक दिवसभर माझ्याच मागे असायची.

घरात माणसं चारच, पण आवाज पुष्कळ. पहाटे आजोचा खोकला. मग पाट्यावर आईचा वरवंटा फिरायचा, खोबरं, मिरच्या, धणे, आणि त्याच्या तालावर आई काही तरी गुणगुणायची. आजो ओटीवरून आत आला की ते गुणगुणणं बंद. सासऱ्यासमोर आईचा आवाज कधी वर गेलेला मी ऐकला नव्हता. डोक्यावरचा पदर आणि खाली बघत बोलणं, तेही कामापुरतं. संध्याकाळी वळणावर बाबांच्या टेम्पोचा हॉर्न वाजायचा. बाबा मालवणच्या बंदरावरून मासळी भरून वरच्या बाजारांत न्यायचे. त्यांच्या कपड्यांना बर्फाचा आणि बांगड्याचा वास असायचा, आणि मला तो इतका आवडायचा की मी त्यांच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहायची. आज माझी नात माझ्या पदराला मासळीचा वास आला तर नाक धरून पळते. तिला काय कळणार!

बाबांना पोथी येत नव्हती. लहानपणी आजोने त्यांना शिकवायला घेतलं होतं, पण ते गायला लागले की कुत्री उठून जायची, असं बाबा स्वतःच सांगायचे आणि पोट धरून हसायचे. आजो हसायचा नाही. त्या वर्षी नवरात्रात आजोची छाती भरली, आवाज घशातून वर येईना, आणि आमच्या घराच्या देवळात पोथी गेलीच नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. दिवाळी संपली तसं एका सकाळी न्याहारीला घावणे खाताना आजोने बाबांना सांगितलं, "देवदिवाळयेच्या आदल्या अवसेक पोथी न्हंयत सोडूची." बाबा खाता खाता थांबले. आजो म्हणाला, "सांगणारो नाय त्या घरात पोथी ठेवूची नाय. न सांगलेली पोथी घराक बाधता. माझ्या बापाशीन सांगल्यान तां मी सांगतंय."

न्हंय म्हणजे नदी आणि अवस म्हणजे अमावास्या, तेवढं मला कळत होतं. मी चुलीपाशी जाऊन आईला विचारलं, पोथी नदीत सोडली की काय होतं. आई तव्यावर नवीन घावन घालत होती. तिने उलथन्याने त्याची कड सोडवली. मग म्हणाली, "माझ्या बापाशीकडे पण पोथी होती. हीच गोष्ट. तेका आमी सगळी चेडवाच, झिल नाय. तो गेलो तेव्हा काकान पोथी न्हंयत सोडल्यान. मी काठार उभी होतंय. रंग सुटले आणि पाणी घडीभर तांबडा झाला. मगे काय नाय, साधा पाणी." एवढं सांगून तिने घावन माझ्या ताटात टाकलं आणि डोळे पुसले. चुलीत धूर होताच, पण ते धुराचं पाणी नव्हतं हे त्या वयातही मला समजलं. ती राणी, तो राजा, तो विहिरी पिणारा राक्षस, सगळे एक दिवस साधं पाणी होणार, या विचाराने मी शाळेत जाईपर्यंत रडत होते.

आमची शाळा म्हणजे कौलारू इमारत, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्याला लागून रस्ता. शिंदेबाई त्याच वर्षी आल्या होत्या. घाटावरच्या. वैभववाडीचा घाट उतरून आल्या तेव्हा त्यांना आमचं बोलणं ओ की ठो कळत नसे. पण बाई हुशार. परिपाठात, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, इतर शाळांत मुलं वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचतात. आमच्याकडे वर्तमानपत्र यायचं दुपारच्या एसटीने, तेही शिळं. म्हणून बाईंनी ठरवलं, रोज एका मुलाने आपल्या वाडीची एक बातमी सांगायची. मूल मालवणीत सांगणार, बाई ती शुद्ध मराठीत फळ्यावर लिहिणार, आणि फळा रस्त्याच्या बाजूला टांगणार. यात बाई मालवणी शिकल्या आणि गावाला वाचायला मिळालं.

त्या फळ्यावर काय काय येऊन गेलं! 'आज बंदरावर बांगडा भरपूर आला आहे.' 'देवळाजवळची विहीर उपसणार आहेत, दोन दिवस पाणी भरून ठेवावे.' 'उद्या सकाळची एसटी येणार नाही, ड्रायव्हरच्या मेहुणीचे लग्न आहे.' माझी मैत्रीण जैबू, तिच्या वडिलांचं बाजारात सुक्या मासळीचं दुकान होतं, तिने एकदा बातमी दिली की त्यांच्या कोंबडीने शेजाऱ्यांच्या माडाखाली अंडं घातलं असून अंडं कोणाचं यावर वाद चालू आहे. बाईंनी तसंच्या तसं लिहिलं. दुपारपर्यंत अख्ख्या गावाने त्यावर आपापलं मत दिलं आणि संध्याकाळी शेजारीण लाजून अंडं परत करून गेली. मोठी माणसं सायकली थांबवून फळा वाचायची. "माझ्या म्हशीचा नाव कित्याक नाय?" म्हणून एक म्हातारा बाईंशी भांडायलाही आला होता. आता शाळेचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. माझ्या नातीमुळे मीही त्यात आहे. रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, पण कोंबडीची बातमी काही येत नाही.

त्या दिवशी पाळी माझी होती. मी वेगळीच बातमी ठरवून ठेवली होती, आमच्या फणसाखाली साळिंदराचे काटे सापडल्याची. पण उभी राहिले आणि तोंडातून आलं ते हे, "आमची पोथी अवसेक न्हंयत सोडतले. आजोचो आवाज गेलो हा. आणि कोणाक सांगूक येना नाय." आणि मी पुन्हा रडायला लागले. बाईंनी मला जवळ घेतलं, पोथी म्हणजे काय ते जैबूकडून समजून घेतलं, आणि मग खडू उचलला. सवयीनं लिहिलं असेल, दुसरं काय. 'ठाकरवाडीतील चित्रांची पोथी येत्या अमावास्येला नदीत सोडण्यात येणार आहे.'

संध्याकाळी आमच्या ओटीवर माणसं यायला लागली. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात केळ्यांचा फणा. आजारी माणसाला बघायला जातात तशी येऊन बसली, आजोकडे बघून हळूच उसासे टाकू लागली. जैबूची दादी तर रिक्षा करून आली, सोबत डब्यातून मटणाचा रस्सा. आजोला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तो खोकत खोकत ओरडला, "मी मरूक लागलंय असां तुमका कोणी सांगल्यान?"

"तू नाय रे," दादी म्हणाली, "पोथी. शाळेच्या फळ्यार लिवलेला आसा."

मी दाराआड लपले. आता पाठीत धपाटा बसणार हे ठरलेलंच होतं. पण दादी पुढे बोलत राहिली. लग्न होऊन या गावात आली त्या वर्षी देवळाच्या बाहेर उभं राहून तिने आजोची पोथी ऐकली होती, आणि राक्षसाने शेवटची विहीर प्यायली तेव्हा ती घाबरून घरी पळाली होती. मग दुसऱ्याने सांगितलं, तिसऱ्याने सांगितलं. प्रत्येकाचं एखादं चित्र होतं. एरवी 'ठाकरांचा' म्हणून आमचं काही तरी हलकंच असल्यासारखं बोलणारी माणसंसुद्धा त्यात होती. आजो ऐकत राहिला. त्याने मला धपाटा घातला नाही. नारळ मात्र सगळे ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी शिंदेबाई घरी आल्या. अमावास्येच्या आधी शाळेत त्यांना एक दिवस करायचा होता. नाव ठेवलं होतं 'आपल्या घरचं'. प्रत्येक मुलाच्या घरच्यांनी यायचं आणि आपल्या घरचं, आपल्या लोकांचं जे काही असेल ते आणायचं, गाणं, खाणं, हातकाम, काहीही. "आजोबा, तुम्ही पोथी आणा ना," बाई म्हणाल्या. "जाण्याआधी मुलांना एकदा बघू दे. दोनचार चित्रं दाखवली तरी चालेल. केंद्रप्रमुख साहेबही येणार आहेत, त्यांच्या भाषणाआधी दहा मिनिटं ठेवते."

आजो म्हणाला, "बाईनू, पोथी सोडली काय पुरी सांगूक होयी. मधी बांधूची नाय."

"हो, पुरी सांगा की," बाई आनंदाने म्हणाल्या. पुरी म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि आजोने सांगितलं नाही. देवळात सांज झाली की सुरू झालेली आमची पोथी आरतीची सगळी माणसं पेंगायला लागली तरी संपत नसे, हे घाटावरच्या बाईंना कुठून ठाऊक असणार. आणि आजोला वाटलं, एवढं शिकलेल्या बाईंना तेवढं माहीत असणारच. बाबांनी काळजीने विचारलं, आवाज टिकेल का. आजो म्हणाला, एकदा तरी नीट सांगूनच तिला पाठवणार. मग आठवडाभर आमच्या घरात आल्याचा रस, मिऱ्यांचा काढा आणि खडीसाखर यांचा सुकाळ झाला. आजोपेक्षा खडीसाखर मीच जास्त खाल्ली.

त्या दिवशी शाळा ओळखू येत नव्हती. व्हरांड्यावर आंब्याचे टहाळे, पटांगणात झावळ्यांचा मांडव. खालच्या किनाऱ्यावरून मच्छीमार आले होते, त्यांनी लाकडी सुईने जाळं विणून दाखवलं आणि साहेबांचं बोट त्यात अडकवलं. भातशेतीवाल्या बायकांनी फुगड्या घातल्या, त्यात शिंदेबाईंना ओढलं आणि बाईंचं घड्याळ उडून मांडवाच्या खांबावर आपटलं. जैबूची दादी आणि तिच्या घरच्या बायका निकाहाची गाणी म्हणाल्या. व्हरांड्याच्या टोकाला खाण्याची रांग, त्यांच्या घरची सांदणं, कुणाचे घावणे, कुणाची काळ्या वाटाण्याची उसळ, आणि आमच्या आईच्या खापरोळ्या, नव्या तांदळाच्या, नारळाच्या रसात पोहणाऱ्या. आई तिथेच बायकांत उभी राहून रस वाढत होती. मग बाईंनी माइकवरून आजोचं नाव पुकारलं.

आजो पांढरं धोतर नेसून, डोक्याला लाल रुमाल बांधून बसला. बाजूला बाबा टाळ घेऊन. त्यांना तेवढंच जमायचं. आजोने पोथीपुढे नारळ ठेवला, लाल कापडाची गाठ सोडली, हुडूक काखेत धरला. हुडूक म्हणजे आमचं लहानसं चामड्याचं वाद्य, बोटांनी वाजवायचं. पहिलं चित्र पाटाला टेकलं आणि आजोने ओळ उचलली. आवाज आला! अगदी तो जुना नाही, पण आला. मी जैबूचा हात इतका दाबला की ती ओरडली.

गोष्ट अशी होती. एका राज्यात एक राक्षस येतो आणि एकेक विहीर पिऊन टाकतो. राजाला कुणी तरी सांगतं की ही राणी पांढऱ्या पायाची, हिच्यामुळेच पाणी आटतं. राजा राणीला रानात घालवून देतो. राणी लोकांच्या घरी भात कांडून पोट भरते. दहा मिनिटांत एवढंच झालं होतं. बाईंनी घड्याळ बघायला हात वर केला, पण घड्याळ फुटलं होतं. राणी कांडते आहे, राक्षस पितो आहे, चित्रामागून चित्र येतं आहे. साहेबांनी खिशातून भाषणाचा कागद काढला, पुन्हा घडी घालून आत ठेवला. बाई वाकून बाबांच्या कानात म्हणाल्या, "अजून किती आहे?" बाबांनी आजोच्या गुडघ्याशी पडलेल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. बाईंचा चेहरा पडला. मग बायकांतली एक उठून म्हणाली, पोरं भुकेली आहेत, सांगणारा सांगू दे, आपण वाढूया. पत्रावळी फिरल्या. लोक खात खात ऐकू लागले, आणि भाषणाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, याचा गावाला केवढा आनंद झाला ते मी सांगायला नको.

राजा राक्षसाच्या शोधात निघाला तिथे आजोचा आवाज फाटला. त्याने खाकरून पुन्हा ओळ धरली. नुसती हवा आली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची अशी उबळ आली की बाबांनी त्याची पाठ धरली. पाणी आणलं, काढा आणला. काही उपयोग झाला नाही. चित्रात राजा घोड्यावर बसलेला, राणी रानात, राक्षस शेवटच्या विहिरीपाशी. आणि पुढे गप्प. बाई प्रेमाने म्हणाल्या, "राहू द्या आजोबा, एवढं पुष्कळ झालं. बांधून ठेवा." आजोने मान हलवली, नाही, नाही. तो बोलू शकत नव्हता, पण त्याचे डोळे मी बघितले. तो भ्यालेला होता. आमच्या आजोला मी कधी भ्यालेला बघितला नव्हता. पोथी बांधता येत नव्हती आणि सांगता येत नव्हती. मला वाटलं आता गोष्टीतली सगळी माणसं त्या मांडवात अडकणार, आणि अमावास्येला तशीच अर्धवट नदीत जाणार.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून पुढची ओळ आली.

बायकी आवाज, बारीक, पण सुरात पक्का. सगळ्यांनी माना वळवल्या. माझी आई रसाचं पातेलं कडेवर धरून उभी होती, डोळे जमिनीकडे, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि ती गात होती. पाट्यावर गुणगुणायची तीच चाल, आता कळली मला. एक ओळ संपली, दुसरी संपली. ती थांबली आणि खाली बघतच म्हणाली, "मामानू, पुढचा चित्र काढा." सासऱ्याला ती मामा म्हणायची. आजो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हुडूक फेकून देणार. त्याने हात लांब केला आणि पुढचं चित्र पाटाला टेकवलं.

मग आई पुढे येत गेली. पातेलं कुणीतरी घेतलं. ती गायची, आजो चित्र बदलायचा, बाबा टाळ वाजवायचे. बाबांच्या तोंडावर असं हसू होतं की मासळीला सोन्याचा भाव आला असावा. राजा राक्षसाला गाठतो, राणीही तिथे पोचते, आणि आलं ते चित्र, राक्षस आडवा पडलेला, एका बाजूला तलवार घेतलेला राजा, दुसऱ्या बाजूला राणी, तिच्या हातात काही तरी लांब. आईने गायलं, राणीने भात कांडायचं मुसळ उचललं आणि राक्षसाच्या माथ्यात घातलं.

"राजान मारल्यान!" आजो फिस्कारला. आवाज नव्हता, पण पहिल्या रांगेने ऐकलं.

आई थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या बापाशीच्या पोथयेत राणीन मारल्यान, मामानू."

"ही माझी पोथी. ती समय आसा हातात. ओवाळूक इलेली ती." समय म्हणजे समई.

"मुसळ आसा."

"समय!"

मांडवात एकच गलका झाला. बायका ओरडल्या, मुसळ. दोनचार म्हातारे ओरडले, समई. साहेब स्वतः उठून चित्रापाशी वाकले आणि म्हणाले की रंग उडालाय, नक्की सांगता येत नाही. तेव्हा जैबूची दादी चष्मा पुसत पुढे आली. तिने चित्र नीट न्याहाळलं आणि आजोला म्हणाली, "मेल्या, समय कोण अशी डोक्यार उगारता?" आख्खी शाळा हसली. शिंदेबाई हसून हसून खांबाला टेकल्या. आणि आजो, खोकत, डोळ्यांतून पाणी काढत, तोही हसला. तोवर मी पुढे सरकून त्याच्या मांडीला चिकटून बसले होते, त्याची छाती हलताना मला कळत होती. इतकी वर्षं झाली, पुष्कळ चांगले दिवस मी बघितले, माझं लग्न, मुलांची बारशी, पण तेवढा आनंद माझ्या पोटात पुन्हा मावला असेल असं वाटत नाही.

पोथी संपली तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. विहिरींना पाणी आलं, राजाने राणीची क्षमा मागितली, शेवटचं चित्र दाखवून झालं. आता कापड बांधायचं. ते काम सांगणाऱ्याचं. सगळे आजोकडे बघत होते. आजोने चित्रांचा गठ्ठा सारखा केला, लाल कापडावर ठेवला, आणि स्वतः मागे सरकून बसला. आई उभीच. तिने आयुष्यात पोथीला हात लावला नव्हता, आपल्या बापाच्याही नाही. आजोने खुणेने तिला बोलावलं आणि जेवढा होता तेवढ्या आवाजात विचारलं, "हात पुसलंस?"

"होय, मामानू."

"मगे बांध."

आईने पदराला पुन्हा एकदा हात पुसले आणि गाठ मारली. ती रडत होती आणि गाठ काही नीट बसत नव्हती. तिसऱ्या खेपेला बसली.

पोथी ज्याच्या डोक्यावर तो पुढे, बाकीचे मागे, अशी आमची रीत. त्यामुळे घरी जाताना आई पुढे चालली आणि सासरा मागून. वाडीतली माणसं दारात येऊन बघत होती. जांभळीच्या झाडापाशी वाट फुटते, डावीकडची नदीवर उतरते, उजवीकडची आमच्या घरी. तिथे आई थांबली. मागे न वळता तिने विचारलं, "मामानू, अवसेक काय करूचा?"

आजोने काठी टेकली, दम घेतला. "काय करूचा म्हणजे? माझी गोष्ट पाठ करूची," तो म्हणाला. "राजाच मारता राक्षसाक. नीट ध्यानात ठेव."

आईने डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि उजवीकडे वळली, आणि आम्ही सगळे तिच्यामागून घरी गेलो.